गॅरेजमधून : काटा दचकला तो कुठे?

मागच्या अंकात हिवाळ्यातल्या बॅटरीबद्दल लिहिलं, त्यावर चौघांचे फोन आले. तिघांनी बॅटरीबद्दल विचारलं. चौथ्यांनी विचारलं, "ती जुनी जीप अजून ठेवलीय का हो तुम्ही?" ठेवलीय. यंदा मात्र ती विकायच्या अगदी काठावर आम्ही जाऊन आलो, आणि तेही काडेपेटीपेक्षा जेमतेम मोठ्या अशा एका वस्तूपायी. या खेपेचा लेख त्या वस्तूवर.

गाडीची ओळख नव्या वाचकांसाठी करून देतो. १९९९ सालची जीप चेरोकी, चार लिटरचं इंजिन, सहा सिलिंडर एका रांगेत, ऑटोमॅटिक गिअर. अंगकाठी पत्र्याच्या ट्रंकेसारखी चौकोनी. जन्म ओहायोतल्या टोलीडोचा, म्हणजे आमच्या मिशिगनच्या घरापासून आय-७५ ने तासाभराचं माहेर. २००६ साली एम.एस. संपवून पहिली नोकरी लागली तेव्हा ती सेकंडहँड घेतली. आमचे बाबा पहिल्यांदा इथे आले तेव्हा घरापेक्षा त्यांना या गाडीचं जास्त कौतुक. महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जुळवायला सुरुवात केली १९४७ साली, त्यामुळे त्यांच्या पिढीला 'जीप' हा शब्द इंग्रजी आहे असं वाटतच नाही. "कलेक्टरची गाडी घेतलीस की रे," असं म्हणून त्यांनी बॉनेटवर थाप मारली होती. आज तिचं वय पंचविशीच्या पुढे, ओडोमीटरवर दोन लाख बारा हजार मैल.

या गाडीला यंदा उन्हाळ्यात खोड लागली. उभ्या गाडीत इंजिनाचे फेरे आपोआप वरखाली व्हायचे. पंचेचाळीस मैलांच्या वेगाला गिअर धड एका जागी ठरेना, पडायचा, सुटायचा, पुन्हा पडायचा. आणि तिसरी गोष्ट सर्वांत वाईट. थांबलेली गाडी सुरू करताना गॅसवर हलकासा पाय दिला की अर्धा सेकंद काहीच घडायचं नाही, आणि मग गाडी उडी मारून निघायची.

अर्धा सेकंद म्हणजे काय मोठंसं, असं दुसऱ्या राज्यातल्या वाचकांना वाटेल. त्यांनी एकदा आमच्या टेलिग्राफ रोडवर यावं. इथे मोठ्या रस्त्यांवर चौकात डावीकडे वळता येत नाही. चौक ओलांडून पुढे जायचं, दुभाजकातल्या फटीतून यू-टर्न घ्यायचा आणि पन्नास मैलांनी येणाऱ्या गाड्यांच्या मधली जागा हेरून त्यांत घुसायचं. 'मिशिगन लेफ्ट' म्हणतात याला. त्या घुसण्याच्या क्षणी गाडीने अर्धा सेकंद विचार करत बसणं परवडत नाही. त्यातून आमच्या कन्येला सोळावं लागलेलं, हातात नवं लायसन्स, आणि ही गाडी तिच्यासाठीच राखून ठेवलेली. सौभाग्यवतींनी दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं, "हे बरं होईपर्यंत ती या गाडीला हात लावणार नाही." कन्येने तोंड फुगवलं, पण अपील नव्हतं.

आमची वेळ नव्हती म्हणून गाडी आधी जवळच्या एका मेकॅनिककडे नेली. त्याने चालवून पाहिली, कॉम्प्युटर लावला, आणि हातात कागद दिला. त्यावर कोड होता 'पी ०१२१', आणि खाली सल्ला : थ्रॉटल बॉडी बदला, तरी गिअरचं नाही सुधारलं तर ट्रान्समिशनच नवी बसवा. सगळ्याचा अंदाज ३,८०० डॉलर. गाडी विकली तर तेवढे आले असते की नाही याची शंकाच. तो मनुष्य लबाड होता असं आम्ही म्हणत नाही. गिअर झटके देतो म्हणजे गिअरबॉक्स गेला, हा तर्क सरळच आहे. पण ट्रान्समिशनचं तेल आम्ही त्या संध्याकाळी काढपट्टीवर पाहिलं, तर रंग लाल, वास जळका नाही, पातळी बरोबर. गिअरबॉक्स आतून जळत असता तर तेलाने चुगली केली असती.

तेव्हा तो कागद घेऊन आम्ही बसलो, कारण खरी गंमत त्या कोडात होती.

१९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटारीत ओबीडी-२ ही व्यवस्था सक्तीची झाली. स्टिअरिंगखाली एक सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात वीसेक डॉलरचा रीडर लावला की कोड वाचता येतो. इथवर सगळ्यांना ठाऊक आहे. घोटाळा होतो तो पुढे. कोड आला की त्यात ज्या पार्टचं नाव आहे तो पार्ट दुकानातून आणायचा, अशी एक समजूत आहे, आणि आपल्या मंडळातसुद्धा ती फार पसरलेली आहे. पी ०१२१ याचा अर्थ या गाडीच्या मॅन्युअलमध्ये काय दिलाय पाहा : थ्रॉटल सेन्सरचा व्होल्टेज आणि मॅनिफोल्डच्या दाबाचा सेन्सर यांचा मेळ बसत नाही. म्हणजे दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळत नाहीत, एवढंच कॉम्प्युटर सांगतोय. खोटं कोण बोलतंय ते त्याने सांगितलेलं नाही. ते शोधायचं काम आपलं.

हे दोन साक्षीदार कोण, ते आधी पाहू.

पहिला थ्रॉटल पोझिशन सेन्सर. आपण गॅसवर पाय देतो तेव्हा पेट्रोल थेट वाढत नाही. पायाला बांधलेली केबल हवेच्या वाटेतली एक चकती उघडते, तिला थ्रॉटल म्हणतात. ती चकती किती उघडली हे कॉम्प्युटरला सांगायचं काम या सेन्सरचं. आतली रचना आपण सगळ्यांनी लहानपणी हाताळलेली आहे : रेडिओचा आवाजाचा खटका! काळ्या कार्बनचा एक गोलाकार पट्टा आणि त्यावरून घासत जाणारी धातूची जीभ. पट्ट्याच्या एका टोकाला पाच व्होल्ट, दुसऱ्याला ग्राउंड, आणि जीभ जिथे टेकली असेल तिथला व्होल्टेज म्हणजे उत्तर. आमच्या गाडीत पाय काढलेला असताना पाव व्होल्टच्या आसपास ते पाऊण व्होल्टपर्यंत काहीही असू शकतं, आणि पूर्ण दाबलं की साडेचारच्या जवळ. आजोबांच्या रेडिओचा खटका जुना झाल्यावर बातम्यांच्या ऐन वेळी खरखर करायचा ते आठवा. रोज ज्या जागी खटका फिरवून ठेवला जायचा, तिथलाच पट्टा झिजलेला असायचा. आजोबा खटका चारदा पुढेमागे करून बातम्या ऐकायचे. गाडीच्या कॉम्प्युटरला ती सोय नाही. खरखर आली की त्याला वाटतं, ड्रायव्हरने पाय काढला.

आता वरची तिन्ही लक्षणं जुळवून पाहा. पाय दिल्याबरोबर ज्यादा पेट्रोल सोडायचं हे कॉम्प्युटर या सेन्सरकडे बघून ठरवतो. जुन्या कार्बुरेटरमध्ये हेच काम एक छोटा पंप करायचा. सेन्सरने नेमकी तिथेच थाप मारली तर पेट्रोल उशिरा येतं आणि गाडी अडखळते. उभ्या गाडीत पाय काढलेला आहे की नाही हेही याच आकड्यावरून कळतं. आणि ऑटोमॅटिक गिअर केव्हा बदलायचा ते वेग आणि हाच आकडा मिळून ठरतं. गिअरबॉक्स बिचारा हुकुमाचा ताबेदार. हुकूमच दर सेकंदाला बदलत असेल तर तो तरी काय करणार?

दुसरा साक्षीदार म्हणजे मॅप सेन्सर. इंजिनाच्या आत हवेची ओढ किती आहे ते तो मोजतो. थ्रॉटल बंद असेल तर ओढ जोराची, उघडला की कमी. म्हणून या दोघांच्या जबान्या जुळायला हव्यात. आमच्या गाडीत तो थ्रॉटल बॉडीच्याच अंगाला बसवलेला आहे, मध्ये बोटभर लांबीचा, कोपरासारखा वाकलेला एक रबरी जोड.

हा रबरी जोड लक्षात ठेवा. मंडळातल्या आमच्या एका स्नेह्यांकडे याच इंजिनाची दुसरी गाडी आहे. त्यांनाही हाच पी ०१२१. त्यांनी थ्रॉटल सेन्सर बदलला, कोड परत आला. दुसऱ्या कंपनीचा सेन्सर आणला, पुन्हा तेच. शेवटी त्या जोडाला हात लावला तर रबर चिरलेलं. चार-पाच डॉलरची वस्तू! तिथून हवा आत जात होती, मॅप सेन्सर खोटं बोलत होता, आणि शिक्षा मात्र थ्रॉटल सेन्सरला दोनदा झाली.

म्हणून एका शनिवारी सकाळी, चहा घेऊन, आम्ही प्रथम मॅप सेन्सरची उलटतपासणी केली. जोड काढून वाकवून पाहिला, भेग नव्हती. चावी लावून, इंजिन बंद ठेवून व्होल्टेज घेतला. इंजिन बंद म्हणजे बाहेरची हवा तीच आतली हवा, तेव्हा चार ते पाच व्होल्टच्या मध्ये हवं. आलं ४.६. मग इंजिन सुरू करून गरम होऊ दिलं. न्यूट्रलमध्ये दीड ते २.१ च्या दरम्यान हवं, आलं १.७. साक्षीदार खरा बोलत होता. (हे करताना गॅरेजचं दार पूर्ण उघडं. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. हे आम्ही दर दुसऱ्या अंकात लिहितो आणि पुढेही लिहिणार.)

मग थ्रॉटल सेन्सर. इंजिन बंद, चावी 'ऑन', हँडब्रेक ओढलेला. कनेक्टरला तीन वायरी. कनेक्टर न काढता त्याच्या मागच्या बाजूने वायरीलगत बारीक टाचणी सरकवायची आणि टाचणीला मीटरची टोकं लावायची. वायरीचं वरचं प्लास्टिक भोसकून मोजू नका. आमच्याकडे हिवाळाभर रस्त्यावर मीठ असतं, त्या भोकातून खारं पाणी शिरतं आणि दोन वर्षांनी तांबं हिरवं होऊन वायर तुटते, म्हणजे एक दुखणं बघताना दुसरं लावून ठेवलं. टाचणी शिवणाच्या डब्यातली. सौ.ची परवानगी घेतली होती.

पुरवठ्याच्या वायरीत पाच व्होल्ट हवे, आले ४.९८. ग्राउंडची वायर आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात जवळजवळ शून्य हवं, ते तसंच होतं. या दोन मापांना मिळून पाच मिनिटं लागतात आणि बहुतेक लोक तीच वगळतात. पुरवठा किंवा ग्राउंड बिघडलेलं असेल तर जगातला सर्वोत्तम सेन्सर आणून बसवला तरी उपयोग नाही. वायरी हलवून, कनेक्टर वाकडातिकडा करूनही आकडे हलले नाहीत, म्हणजे वायरिंग निर्दोष.

राहिली सिग्नलची वायर. पाय काढलेला असताना ०.७२. ठीक. आता पाय हळूहळू पूर्ण दाबायचा आणि आकडा न अडखळता चढतो का ते पाहायचं. कन्येला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. गाडी चालवायला बंदी होती, दाबायला नव्हती.

"बाबा, किती हळू?"

"ताकाचं भरलेलं पातेलं नेतेस ना, तितकं हळू."

डिजिटल मीटरवर आकडे चढत गेले, ०.८, १.०, १.३, २... काही वावगं नाही. पुन्हा केलं, तसंच. इथेच पुष्कळजण सेन्सर चांगला म्हणून सोडून देतात. पण साधा डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीन वेळाच नवा आकडा दाखवतो, आणि खरखर त्याहून कितीतरी क्षणिक असते, दोन आकड्यांच्या मधल्या फटीतून निसटून जाते. फोनला जोडायच्या स्वस्त रीडरवर टक्केवारी दिसते तिचीही तीच गत, त्यातून जुन्या गाडीचा कॉम्प्युटर सावकाश बोलणारा. ज्यांच्याकडे ऑसिलोस्कोप आहे त्यांचा प्रश्नच मिटला. आमच्याकडे होता तो काट्याचा जुना मीटर, कॉलेजच्या दिवसांत लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला, बॅगेतून इथवर आलेला. पंपांच्या कंट्रोल्सवर पंधरा-अठरा वर्षं नोकरी केल्यावर आमचं असं मत झालंय की नेमका आकडा हवा तर डिजिटल घ्या, आणि हालचाल बघायची तर काटा.

काट्याचा मीटर लावला. कन्येने पाय दाबायला सुरुवात केली. काटा चढला, एक व्होल्टच्या जरासा पुढे गेला, आणि दचकला! एकदम मागे पडला, परत उसळला, आणि मग साडेचारपर्यंत गुळगुळीत गेला. पाय सोडताना त्याच जागी पुन्हा दचकला. सौ. एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत आहेत. एकदा दिसलं म्हणजे दिसलं असं त्या मानत नाहीत. त्यांनी कागद घेतला, दहा वेळा दाबायला लावलं आणि दर वेळी कुठे दचकतो ते लिहिलं. दहापैकी आठ वेळा दचकला, आणि आठही वेळा १.० ते १.२ च्या दरम्यान.

आरोपी सापडला. आणि जागाही अशी बोलकी की पुरावा आणखी लागू नये. थोडासा दिलेला पाय म्हणजे एक व्होल्टच्या पुढची ही जागा. गावातल्या गावात चालवताना, सिग्नलवरून निघताना, पंचेचाळीसच्या वेगाने शांतपणे जाताना पाय याच आसपास असतो. पट्ट्याचा हा तुकडा पंचवीस वर्षं रोज घासला गेला, साडेचारच्या टोकाला जीभ क्वचितच गेली. यात कुणाचा दोष नाही. घासणारी वस्तू झिजणार.

नवा सेन्सर ५४ डॉलरला मिळाला. पंधरा डॉलरचेही मिळतात. आम्ही घेतले नाहीत. बदलणं फार सोपं, चांदणीच्या आकाराच्या डोक्याचे दोन स्क्रू. पण एका ठिकाणी सावध राहा. थ्रॉटलच्या दांड्याचं टोक सेन्सरच्या खोबणीत बसतं, आणि ते खोबणीतल्या दातांच्या बरोबर बाजूला बसायला हवं. सेन्सर टेकवून थोडासा फिरवून पाहायचा. स्प्रिंगचा हलका ताण देत काही अंश फिरला तर बरोबर, फिरतच नसेल तर काढून दुसऱ्या बाजूने बसवायचा. मग स्क्रू हलक्या हाताने आवळायचे, खालचा धातू अ‍ॅल्युमिनियमचा आहे. आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी थ्रॉटल हाताने पूर्ण उघडून सोडायचा. तो टपकन स्वतःहून बंद झालाच पाहिजे. चुकीचा बसलेला सेन्सर थ्रॉटलला अडकवून ठेवू शकतो, आणि अडकलेला थ्रॉटल म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या अडखळण्यापेक्षा कितीतरी भयंकर प्रकार. या इंजिनात १९९१ पासून सेन्सरची जागा जुळवावी लागत नाही, कॉम्प्युटर बंद थ्रॉटलचा आकडा स्वतः शिकतो. त्याआधीच्या मॉडेलांत जुळवावी लागते.

नव्यावर काटा पुन्हा लावला. खालपासून वरपर्यंत एकदाही दचकला नाही. कोड पुसला, गाडी काढली. अडखळणं गेलं, पंचेचाळीसला गिअर शहाण्यासारखा एका जागी राहिला. उभ्या गाडीतलं डोलणं मात्र थोडं उरलं. ते थ्रॉटल बॉडीतल्या काजळीने, पाय काढल्यावर ज्या लहान वाटेने इंजिन श्वास घेतं ती अर्धी बुजलेली होती. थ्रॉटल क्लीनरचा एक डबा आणि जुना टूथब्रश यांत तेही मिटलं. सगळा खर्च सत्तर डॉलरच्या आत. ट्रान्समिशन जुनीच आहे आणि त्यानंतर तीन हजार मैल चालली आहे.

जुना सेन्सर आम्ही करवतीने उघडला. काळ्या पट्ट्यावर सुरुवातीलाच नखाएवढ्या जागेत चकचकीत रेघ होती. कन्येने तो फोन काढून फोटोत घेतला आणि फिजिक्सच्या वर्गात दाखवला.

ज्यांच्या गाड्या नव्या आहेत त्यांनी मात्र हे सगळं जसंच्या तसं करू नये. पायापासून थ्रॉटलपर्यंत केबल नसेल, मध्ये फक्त वायर असेल, तर तिथे सेन्सर जोडीने असतात, पुष्कळांत घासणारा पट्टाही नसतो, चुंबकावर काम चालतं, आणि बऱ्याच गाड्यांत थ्रॉटल बॉडी अख्खीच बदलावी लागते. शिवाय अशा थ्रॉटलला मोटर असते. चावी ऑन असताना आत बोट घालाल तर ती बोटासकट बंद होईल.

काट्याचा मीटर हवा असेल त्यांनी आम्हाला फोन करावा. सध्या तो वर सांगितलेल्या रबरी जोडवाल्या स्नेह्यांकडे आहे, त्यांना आता घरातली प्रत्येक वस्तू मोजायची आहे. दिवाळीच्या कार्यक्रमाला आणून देतो म्हणाले आहेत. टाचण्या आपापल्या आणाव्यात, सौ.च्या डब्यातल्या दोन अजून सापडलेल्या नाहीत.